ऊसतोडीतली निम्मी मजुरी बाईच्या खात्यात: मग उचलीचं काय?

सिंदफणा
ऊसतोडीचा हिशेब आजही जोडीवर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात. एकट्या बाईला अर्धा कोयता धरतात. फडात मात्र काम अर्धं नसतं. तोडलेला ऊस गोळा करायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. गाडी रात्री दोनला आली तर दोनला उठून भरायची. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, पण वाढलेला पैसाही जुन्याच वाटेनं गेला: टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडं, तिथून नवऱ्याकडं.

माझी मागणी सरळ आहे. उचल देतानाच दोन पावत्या करा, निम्मी रक्कम बाईच्या बँक खात्यात टाका आणि पंधरवड्याच्या हिशेबात तिचं नाव वेगळं लावा.

हिशेबवही
ताई, हेतू पटतो, मार्ग पटत नाही. आधी आकडे बघा. वाढीनंतर दर टनाला साधारण 366 रुपये. एका कोयत्याला लाखभर उचल धरली तर ती फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडी रोज दोन टन तोडत असेल तर 137 दिवस. गाळप चारेक महिन्यांत आटोपलं, मध्ये कारखाना बंद पडला, पाऊस झाला, की हंगाम संपतो आणि बाकी उरते.

म्हणजे मजुरी वेगळी मिळत नाही, उचलीतच ती आधी दिलेली असते. निम्मी उचल बाईच्या नावावर म्हणजे निम्मं कर्जही तिच्या नावावर. आज मुकादम नवऱ्याच्या मागं लागतो, उद्या तिची सही असलेला कागद घेऊन तिच्या माहेरी जाईल. नवरा आजारी पडला, सोडून गेला, तर ती कायद्यानं देणेकरी. हे तुम्हाला हवंय का?

सिंदफणा
दादा, ते आजही होतंय. नवरा वारला तरी बाकी माफ होत नाही, पुढच्या हंगामात विधवा बाई अर्धा कोयता म्हणून फेडायला येते. कर्ज तिचं आहेच, फक्त पैसे तिला दिसत नाहीत. उचल किती घेतली आणि किती फिटली हे बहुतेक बायकांना नवरा सांगेल तेवढंच कळतं. कागदावर नाव आलं तर निदान वजनाच्या पावत्या मागायचा हक्क तरी येईल.

गव्हाण
कारखान्याच्या बाजूनं सांगतो. कारखाना मजुराला पैसे देतच नाही. करार होतो वाहतूकदाराशी, वाहतूकदार उचल देतो मुकादमाला, मुकादम टोळीला. बिल निघतं ते वाहतूकदाराच्या नावानं. वजनकाट्याच्या पावतीवर गाडी, शेतकरी आणि टन असतात, कोयता नसतो. मग निम्मे कोण आणि कशाच्या आधारावर पाडणार? शिवाय उचल घेऊन टोळी आलीच नाही अशी प्रकरणं दरवर्षी होतात. त्यात कर्जबाजारी होतो तो ट्रॅक्टर-मालक. त्याच्यावर दुप्पट खाती सांभाळायचं काम टाकलं तर तो थेट हार्वेस्टरकडं, म्हणजे ऊसतोडणी यंत्राकडं, वळेल. तेव्हा बाईचंही काम जाईल आणि पुरुषाचंही.

पाणंद
गव्हाण, हार्वेस्टर कुठं चालतं हे तुम्हाला ठाऊक आहे. सरीचं अंतर रुंद हवं, रान मोठं आणि सपाट हवं. लोळलेला ऊस, तुकड्याची जमीन, ओली वाट, तिथं अजून माणूसच लागतो. ती भीती दाखवून दर आणि हक्क अडवायचे, हे बरोबर नाही.

वजनाचा प्रश्न मात्र खरा आहे. त्याला उत्तरही आहे: वजन टोळीचं येऊ द्या, टोळीतल्या कोयत्यांत आज जसं वाटतात तसंच वाटा आणि जोडीच्या वाट्याचे सरळ दोन भाग करा. कोणी किती मोळ्या उचलल्या ते मोजायची गरज नाही. करारासोबत टोळीची नावनिशी यादी जोडली तर पुरे, ग्रामपंचायतीकडून मिळणारं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र त्यासाठीच वापरता येईल. ते नवऱ्याचं आणि बायकोचं वेगवेगळं काढा.

आणि खातं दसऱ्याआधी गावातच चालू करून घ्या. खातं असतं, पण केवायसी जुनी म्हणून बंद पडलेलं. मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा जुन्या सिमचा, पासबुक मुकादमाच्या ताब्यात. नंबर बाईचाच लावला नाही तर निम्मे पैसे टाकूनही एटीएमवर जाणार नवराच.

हिशेबवही
यादीचं पटलं. पण मी खाड्यावर, म्हणजे गैरहजेरीच्या दंडावर, अडतो. आज एक जण फडात गेला नाही तर जोडीचा खाडा लागतो, दिवसाला पाचशे, कुठं हजार. वेगळा हिशेब केलात की पाळीत, गरोदरपणात पडणारा प्रत्येक खाडा बाईच्या एकटीच्या खात्यातून कापला जाईल. 2019 मध्ये बीडमधल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. काम बुडण्याची आणि खाड्याची भीती हे त्यामागचं एक ठळक कारण. ही भीती तिच्या एकटीच्या माथी मारू नका.

सिंदफणा
हा मुद्दा वजनदार आहे, म्हणून मागणी बदलते. बाईचं नाव कागदावर येण्याआधी खाडा रद्द झाला पाहिजे. दर टनावर आहे, न तोडलेल्या उसाचे पैसे तसेही मिळत नाहीत, मग वरून दंड कशाचा? आणि न फिटलेल्या उचलीची जबाबदारी ज्याच्या हातात जेवढी रक्कम पडली तेवढ्यापुरतीच, असं करारात लिहा.

पाणंद
त्यात वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, पैसेही धरा. जनावरांसाठी वाढे विकून रोजचा किराणा भागतो. ती विक्री बऱ्याच ठिकाणी बायकाच करतात आणि तेवढीच रोकड त्यांच्या हातात राहते. बँकेतला वाटा मिळाला म्हणून मुकादमानं वाढ्यांवर हक्क सांगितला, तर बाईच्या हातात आजच्यापेक्षा कमी उरेल.

गव्हाण
खाडा मुकादम लावतो, कारखाना नाही. तरी वाहतूकदाराच्या करारात खाडा न लावण्याची अट घालता येते आणि ती मोडली तर बिलातून कपात करता येते. एवढं कारखान्याच्या हातात आहे, हे मान्य. दोन खात्यांना माझा विरोध कायम आहे.