पोलीस ठाण्याची गाडी फुकटात चालवायला जावं का?

नदीकाठ: आमच्या ठाण्यात गाड्या दोन आणि ड्रायव्हर एकच, तो रजेवर गेला की रात्रीची गस्त बंद. आता गणपतीच्या बंदोबस्तासाठी साहेबांनी विचारलंय की लायसनवाली, ओळखीतली माणसं रात्री दोन-तीन तास गाडीवर येतील का. मी पंधरा वर्षं टेम्पो चालवतोय, लगेच हो म्हणालो. मागच्या वर्षी गल्लीतल्या आजींच्या घरात चोर शिरले तेव्हा गाडी यायला पाऊण तास लागला, ते काही डोक्यातून जात नाही. घरचे नको म्हणतायत. तुम्ही काय म्हणाल?

काळाकोट: नको जाऊस दादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 मध्ये सरकारी कामाच्या सरकारी गाडीला थर्ड पार्टी विम्याची सक्ती नाही. आणि हलगर्जीपणाने कुणाचा जीव गेला तर न्याय संहितेचं कलम 106 स्टेअरिंगवर बसलेल्याला लागतं, 5 वर्षांपर्यंत कैद. तेव्हा साहेबांची बदली झालेली असेल.

खाकीताई: मी होमगार्ड आहे. आमचं दलही 1946 ला मुंबईत दंगलीच्या काळात स्वयंसेवक म्हणूनच उभं राहिलं, त्यामुळे सेवेला कमी लेखू नका. पण आम्हाला ट्रेनिंग असतं, गणवेश असतो, भत्ता मिळतो. तो भत्ता नीट मिळावा म्हणून आमची माणसं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, 2015 ला निकाल आला की महिनाभराचा भत्ता पोलिसाच्या किमान पगाराएवढा तरी बसला पाहिजे. तुम्ही फुकट बसलात तर ड्रायव्हरची जागा भरायची घाई कुणाला राहील?

जुनाचालक: ताई पटलं, पण जागा भरेपर्यंत गावाने काय करायचं? मी पोलीस गाडीवरच रिटायर झालो. एकच सांगतो, टेम्पो चालवणं वेगळं आणि हे वेगळं. गाडी कायम तोंड बाहेर करून लावायची, गर्दी अंगावर आली तरी गाडी सोडायची नाही, वायरलेसकडे कान, लॉगबुक रोजचं रोज. मागे आरोपी बसलेला असताना हात थरथरून चालत नाही. हे आठवडाभर कुणीतरी शेजारी बसून शिकवलं तरच जा.

लीड्सकर: इंग्लंडमध्ये बऱ्याच पोलीस दलांत स्वयंसेवक गाड्या सर्व्हिसिंगला नेतात, परत आणून लावतात. निळा दिवा लावून पळवायचं काम ट्रेनिंग झालेल्यांचंच. तेवढ्यानेही पोलिसांचे तास वाचतात. दादाने असं काम मागावं.

काळाकोट: गॅरेजची फेरीही सोपी समजू नका. राजस्थान सरकार विरुद्ध विद्यावती, 1962. कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत येत होती, पायी चाललेला माणूस त्यात गेला. सुप्रीम कोर्टाने सरकारला भरपाई द्यायला लावली हे चांगलंच झालं, पण त्याआधी ड्रायव्हरवर हुकूमनामा झालाच होता. आणि तो निदान सरकारी नोकर होता, दादाकडे तर साधा कागदही नाही.

नदीकाठ: हे सगळं घरी वाचून दाखवलं. आजींचं दार अजून आतून कडीला लाकूड लावून बंद होतं, म्हणून मी माघार घेणार नाही. पण उद्या साहेबांना सांगतो, नेमणुकीचं पत्र द्या आणि आठ दिवस तुमच्या ड्रायव्हरशेजारी बसवा. पत्र नाही मिळालं तर किल्लीला हात लावणार नाही, मित्रांना घेऊन काठी-टॉर्चने गल्लीत फिरेन. आणि ताई, ड्रायव्हरची जागा भरा म्हणून अर्ज गावाच्या सह्यांनी देतोय, मसुदा जरा बघून द्याल का?

खाकीताई: पाठवा, आज रात्री ड्युटीवरून आले की बघते.