शब्दचर्चा: 'आधाराचा लेप' म्हणजे नक्की कशावर काय?

शाईची बाटली: कृत्रिम इंधनावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून द्रव इंधन, ती फिशर-ट्रॉप्श प्रक्रिया. त्यात उत्प्रेरक म्हणून कोबाल्टचे कण ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) दाण्यांवर बसवतात; हे दाणे म्हणजे 'आधार'. त्याआधी ॲल्युमिनावर सिलिकाचा पातळ थर देतात. मी लिहिलं 'आधाराचा लेप'. तपासणाऱ्यांचा शेरा: 'कोबाल्ट लेपाखाली झाकला तर वायू पोचणार कसा?' अर्थ पार उलटा झाला!

पाटीपुस्तक: चूक लेपाची नाही, षष्ठीची. 'चंदनाचा लेप' म्हणजे चंदन फासलेलं. तसं इथे आधारद्रव्यच फासल्यासारखं वाटतं. 'आधारावरचा लेप' लिहा.

शाईची बाटली: तरी कोबाल्ट वर की खाली, ते कळत नाहीच.

उंटावरचा: मुलामा?

पाटीपुस्तक: छे, मुलाम्यात खोटेपणा आला. शिवाय तो वरून असतो. इथे किमती माल वर आहे.

भट्टीवाला: हे काम केलंय मी. ॲल्युमिना कोबाल्टला फार घट्ट धरतो. कोबाल्ट ऑक्साइडचा हायड्रोजनने धातू व्हायला हवा, कारण इंधनाची, म्हणजे हायड्रोकार्बनची, साखळी धातूवरच वाढते. पण काही कोबाल्ट ॲल्युमिनाशी जुळून ॲल्युमिनेट होतो आणि मग सहजी सुटत नाही. एकदा भट्टी नको तितकी तापली. काळी पूड ठेवलेली, निळीशार निघाली! चित्रकारांचा कोबाल्ट ब्लू तो हाच. मधे सिलिका असली की पकड सैल होते. (फारच सैल झाली तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, ती वेगळी डोकेदुखी.) आम्ही 'कोटिंग' म्हणायचो, कुणाचं काही अडलं नाही.

सुईदोरा: अस्तर! ते मधेच असतं. 'अस्तर दिलेल्या ॲल्युमिनावर कोबाल्ट.' मिटला घोळ.

पाटीपुस्तक: फारसी आहे.

सुईदोरा: मग धागाकर्तीचं काय करायचं? शाई फारसी, बाटली इंग्रजी.

भट्टीवाला: अस्तर भट्टीच्या आतल्या विटांनाही म्हणतात. वाचक तेच समजेल.

उंटावरचा: आणि कोबाल्ट कुठला? जर्मन खाणकामगारांचा 'कोबोल्ड', म्हणजे खाणीतलं खोडकर भूत. खनिज भाजलं की धातूऐवजी आर्सेनिकचा विषारी धूर निघायचा, त्याचं खापर भुतावर.

पाटीपुस्तक: मग भुताला मराठी प्रतिशब्द हवा.

शाईची बाटली: अहो, लेपाचं काय ठरलं? उद्या मजकूर द्यायचाय.

उंटावरचा: मुळात 'आधार' तरी का? 'बैठक' म्हणा.