प्रति: प्लेग आणि ज्यूंवरचे हल्ले
चौदाव्या शतकात युरोपात प्लेगची साथ आली तेव्हा ज्यूंवर हल्ले झाले. ‘प्लेगला घाबरलेल्या अडाणी लोकांच्या हातून हे घडलं,’ हे त्याबद्दल मांडलं जाणारं मत मला अर्धंच पटतं. भीती होतीच, पण आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबर्ग शहरात काय झालं ते बघा. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी तिथे शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं, आणि तोवर त्या शहरात प्लेग पोहोचलाही नव्हता! ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा मात्र पोहोचली होती. शहराचे कारभारी ज्यूंना संरक्षण देत होते, म्हणून कारागिरांच्या संघांनी आधी त्यांनाच सत्तेवरून खाली खेचलं. नव्या मंडळींनी चार-पाच दिवसांत हे हत्याकांड उरकलं. त्यानंतर ज्यूंकडून घेतलेली सगळी कर्जं रद्द झाली, गहाण वस्तू परत मिळाल्या, सापडलेली रोकड वाटून घेतली गेली. त्या भागातल्या जुन्या बखरीतही पैसा हेच कारण म्हणून स्पष्ट नोंदवलंय. याला नुसतं अडाणीपण कसं म्हणायचं? हा हिशेब करून केलेला खून होता.

आणि ‘तेव्हा कुणाला खरं काय ते माहीतच नव्हतं’ हेही खरं नाही. पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ मध्येच फर्मान काढून बजावलं होतं की प्लेगने ज्यूही मरताहेत आणि जिथे एकही ज्यू राहत नाही तिथेही साथ आहे. तो तेव्हा राहत असलेल्या अविन्यों शहरात ज्यूंना आसराही मिळाला. स्ट्रासबर्गात मात्र पुढे चौदाव्या शतकातच ज्यूंना राहायला बंदी झाली, ती थेट फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकली.