पायऱ्यांपाशी कुणी मागे बसून राहणार नाही अशी सहल कुठे काढावी?

तळजाईचा फिरस्ता:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात सहकारनगरला राहतो, वय 71. तळजाईच्या जंगलात रोज सकाळी सहाला फिरणारा आमचा एकवीस जणांचा गट आहे. सगळ्यांत धाकटे 63 चे, सगळ्यांत थोरले 84 चे. फेऱ्या झाल्या की झाडाखाली बसतो, कुणी एखादं नाट्यपद म्हणतं, कुणाचा वाढदिवस असला तर घरून डबाभर शिरा येतो. वर्षात तीन गोष्टी ठरलेल्या: कोजागिरी, थंडीतला हुरडा आणि फेब्रुवारीत एक दिवसाची सहल. हुरड्याचं जमलंय. कवळ्या बसवलेल्यांसाठी शेतावर सांगून ठेवतो, गुलभेंडीची कोवळी कणसं आगटीतून आधी काढून द्या म्हणून. अडलंय ते सहलीपाशी.

गेल्या फेब्रुवारीत जेजुरीला गेलो. ठरवताना सगळ्यांनी हो म्हटलं, त्यात आमच्या एक काकूही होत्या. वय 78, उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा सात महिने झाले होते. सपाटीवर त्या आमच्याबरोबर दोन फेऱ्या आरामात मारायच्या, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. जेजुरीत पाच-सहा पायऱ्या चढल्या, कमानीला हात टेकून थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन, मी बसते इथे." आणि आम्ही गेलो. वीस माणसं वर गेली आणि त्या दोन तास भंडारा-खोबऱ्याच्या दुकानाच्या फळीवर एकट्या बसल्या. खाली आलो तर त्यांनी सगळ्यांसाठी खोबऱ्याचे तुकडे करून ठेवले होते, मांडीवरचा रुमाल भंडाऱ्याने पिवळाधमक झाला होता. एकीने त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. "झालं माझं दर्शन," म्हणाल्या.

त्यानंतर त्या कोजागिरीला आल्या नाहीत. हुरड्याला आल्या नाहीत. आता सकाळीही येत नाहीत. फोन केला की म्हणतात, गुडघा जरा कुरकुरतोय. गुडघा नाही कुरकुरत, मला माहीत आहे. त्या दिवशी एकाने तरी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं, आणि तो मी का झालो नाही हे मनातून जात नाही.

तुमच्या गटांमध्ये सहलीची जागा कशी ठरवता? आणि न भांडता, न बोलता असं बाजूला झालेलं माणूस परत कसं आणता?

रंकाळ्याकाठचे:
काका, आम्हालाही हे एकदा झालंय, पन्हाळ्यावर. तेव्हापासून आमचा नियम आहे: सहलीआधी आठवडाभर दोघांनी जागा बघून यायची. गाडी कुठवर जाते, पायऱ्या किती, कठडा आहे का, संडास उकिडव्याचा की बसायचा, सावलीत टेकायला काय आहे. देवळाची माहिती कुठेही मिळते, ही मिळत नाही.

पुण्याहून लांब पडेल, पण मुक्कामी कधी आलात तर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बघाच. गावातच आहे, डोंगर चढायचा नाही. उंबरठ्यांपाशी तेवढा हात द्यावा लागतो. स्वर्गमंडपात 48 खांब, वर छताला गोल मोकळं आकाश आणि बरोबर त्याच्या खाली तेवढीच गोल शिळा. आम्ही तिच्याभोवती कडेकडेने बसलो होतो. शंकरापुढे नंदी कसा नाही यावर आमच्यातल्या दोन निवृत्त मास्तरांचा तासभर वाद रंगला. कुणाला चालायची घाई नव्हती, म्हणून सगळ्यांना सगळं बघता आलं. येताना नरसोबाच्या वाडीला बासुंदी घेतली. तिथे घाटावर उतरायचं मात्र टाळलं.

डोंबिवलीचे आजोबा:
खर्चाचंही बघा. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये गेली ती परत आली नाही. एसटीत मात्र 75 पूर्ण झालेल्यांना 2022 पासून तिकीट नाही, 65 ते 75 ला अर्धं, आणि बायकांना 2023 पासून कुठल्याही वयात अर्धं. आमच्यातल्या दोघी पेन्शन नसलेल्या आहेत, खाजगी बस केली की काहीतरी कारण सांगून गळायच्या. एसटीने जायला लागल्यापासून त्या सगळ्यांच्या आधी स्टँडवर असतात. म्हणजे माणूस मागे राहतं ते दर वेळी पायऱ्यांमुळेच असं नाही, हेही मनात असू द्या.

एक छोटी गोष्ट सांगतो. एसटीची पहिली पायरी आपल्यासाठी फार उंच. आम्ही एक बुटका लाकडी पाट बरोबर नेतो. पाट खाली ठेवायचा, त्यावर पाय, मग गाडीत. शेवटचा माणूस पाट उचलून आत येतो. आधार कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं.

एक लेक:
माझी आई अशीच तिच्या गटातून बाजूला झाली होती, म्हणून लिहिते. सगळे तिला विचारायचे, "तुम्हाला जमेल ना? झेपेल ना?" प्रेमाने विचारायचे, पण दर वेळी ते ऐकून ती आणखी आत जायची. मग एका मावशींनी फोन करून सांगितलं, "यंदा कोजागिरीचा मसाला तुमच्या हातचा हवा, केशर मी आणून देते." आई त्याच दिवशी वेलदोडे सोलायला बसली. तुमच्या काकूंना जमेल का हे विचारू नका, काहीतरी काम सांगा. आणि जेजुरीचं तुम्हाला जे वाटतंय ते इथे लिहिलंत तसं त्यांच्यासमोर बोला. फोनवर नको, घरी जा.

तळजाईचा फिरस्ता:
सगळ्यांचे आभार. लेकीचं वाचलं आणि काल संध्याकाळी काकूंकडे जाऊन आलो. आधी जेजुरीचं बोललो. त्या बराच वेळ नुसत्या टेबलक्लॉथची किनार सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "खाली बसायचं वाईट नव्हतं वाटलं. तुम्ही सगळे वरून बोलत-हसत उतरलात आणि कुणीच मला वरचं काही सांगितलं नाही, त्याचं वाटलं." मी वर्षभर पायऱ्यांचाच विचार करत होतो.

यंदा थेऊर ठरवतोय. जवळ आहे, चढ नाही. माधवराव पेशव्यांनी 1772 मध्ये तिथेच चिंतामणीसमोर देह ठेवला. नदीकाठी रमाबाईंचं स्मारक आहे. काकूंनी मराठी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलाय, तेव्हा तिथे बोलायचं काम त्यांचं. कोल्हापूरकरांचा नियमही लगेच लागू केला. पाहणीला मी आणि काकू, येत्या बुधवारी. मंगळवारी गर्दी असते, असं त्यांनीच बजावलं. पायऱ्या, कठडा, संडास, बाक असे चार रकाने त्यांनी वहीत माझ्यासमोरच आखले.

पाटाचं सांगितलं तर उठून आत गेल्या आणि देवघराशेजारचा शिसवी पाट घेऊन आल्या. त्यावर स्वतः उभ्या राहून बघितलं. जरा डुगडुगतो म्हणाल्या, सुताराकडून एक पाय सारखा करून घेते.