मदत हवी आहे: पालकांच्या गटासाठी फेसबुक, टेलिग्राम की आणखी काही?

नमस्कार मंडळी,

कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या पालकांचा आमचा एक गट आहे. सध्या सगळं एका मेसेजिंग अ‍ॅपवर चालतं, पण आता तिथे निभत नाही. गट कुठे हलवावा याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मुलाचं निदान नुकतंच झालेले आईवडील गटात येतात तेव्हा त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. श्रवणयंत्र शिट्टी का मारतं? (मूल वाढतं तसा कानही वाढतो, जुना मोल्ड (कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा भाग) सैल होतो आणि बाहेर निसटलेला आवाज यंत्राचा माइक पुन्हा पकडतो. मोल्ड नवा करून घ्यावा लागतो.) यंत्राच्या नळीत पाणी धरलं तर काय करायचं? कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) झाल्यावरही मूल लगेच का बोलत नाही? अनुभवी पालकांनी यावर फार छान, सविस्तर लिहिलंय. ते सगळं वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलं जातं. शोधायला जावं तर कुणी देवनागरीत लिहिलेलं, कुणी रोमनमध्ये. कुणी ‘यंत्र’ म्हणतं, कुणी ‘मशीन’. नव्या सदस्याला तो येण्याआधीचं काही दिसतच नाही. रात्री घाबरून विचारणाऱ्या आईसाठी उत्तर आधीच लिहिलेलं असतं आणि तिला ते सापडत नाही, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून जुनं लिखाण सापडणं ही माझी पहिली अट. मुलांची माहिती बाहेर न जाणं ही दुसरी.

आतापर्यंत मी जे पाहिलं ते असं. फेसबुकवर खाजगी गट करता येतो, तो शोधात न दिसेल असाही ठेवता येतो, आणि गटाच्या आत शोधायची सोय आहे. पण काही पालकांना फेसबुकवर यायचंच नाही, नातेवाइकांना कळेल या भीतीने. टेलिग्रामवर फोन नंबर लपवता येतो, नव्या सदस्याला जुने संदेश दाखवायचे की नाही हे अ‍ॅडमिन ठरवतो, आणि गटात विषयवार कप्पे करता येतात. मात्र तिथल्या गटातले संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणालाही, अगदी कंपनीलाही, वाचता न येणारे) नसतात. व्हॉट्सॲपवर ते असतात, पण साध्या गटात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात.

इन्स्टाग्राम खुणांच्या भाषेचे छोटे व्हिडिओ दाखवायला उत्तम, प्रश्नोत्तरांना नाही. एक्स आमच्या कामाचं नाही. लिंक्डइनवर ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आणि स्पीच थेरपिस्ट भेटतात, पण तिथे लोक नोकरी-व्यवसायाच्या ओळखीने वावरतात. आपल्या मुलाबद्दल तिथे कुणी मोकळेपणी लिहिणार नाही. रेडिटची रचना मला मनापासून आवडली: टोपणनाव चालतं, प्रत्येक प्रश्नाचा धागा वेगळा राहतो. आमच्यातल्या किती जणांना ते जमेल, हीच काळजी आहे.

आणखी एक भीती. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. एवढं लिखाण पुन्हा एका कंपनीच्या भरवशावर ठेवायचं का?

कुणी असा गट चालवला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
तुम्ही दोन कामं एकाच जागेकडून करून घेताय. गप्पा, धीर देणं, ‘आज पहिल्यांदा आई म्हणाला’ हे सगळं मेसेजिंगवरच राहू द्या, लोकांना तिथेच बरं वाटतं. उत्तरांचा साठा वेगळा करा. दोन-तीन जणांनी दर आठवड्याला चांगली उत्तरं निवडायची, लिहिणाऱ्याला विचारून, नावं काढून, एका साध्या दस्तऐवजात विषयवार लावायची. प्रत्येक विषयाखाली ‘यंत्र, मशीन, हिअरिंग एड’ असे सगळे शब्द लिहून ठेवा, म्हणजे कसंही शोधलं तरी सापडेल. त्याची प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवलीत तर साइट बंद पडली तरी लिखाण हातात राहील. याला माणसं लागतात, सोय कुठलीही चालते.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. थोडी भर: मुलांचे ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख) आणि रिपोर्ट गटात टाकूच देऊ नका, त्यावर नाव, जन्मतारीख, दवाखाना सगळं असतं. गट खाजगी असला तरी स्क्रीनशॉट कोण थांबवणार? आणि मुलाने यंत्रातला बटन सेल (बटणाएवढी छोटी बॅटरी) गिळल्याची शंका असेल तर गटात विचारत न बसता ताबडतोब दवाखाना गाठायचा, हे सगळ्यात वर पिन करा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. साठा वेगळा करायचा हे पटलं, पिनचा संदेश आजच लावते. रिपोर्टचा नियमही आत्तापासून. एक शंका उरली: नाव लपवून विचारू इच्छिणाऱ्या पालकांसाठी फेसबुक गटातली अनामिक पोस्ट पुरेशी आहे का?

प्रतिसाद १
इतर सदस्यांपासून नाव लपतं, अ‍ॅडमिन आणि मॉडरेटरना दिसतं. हे पालकांना आधीच सांगा. त्यापेक्षा एखाद्या विश्वासू सदस्याला प्रश्न कळवायचा आणि त्यांनी तो आपल्या नावाने गटात मांडायचा, असं केलंत तर फेसबुकवर खातं नसलेल्यांचीही सोय होईल.

धागाकर्ता
हे चालेल. दोन आयांना विचारते, त्या तयार होतील असं वाटतं.