मदत हवी आहे: सरकारी नोकरीतून आंतरराष्ट्रीय संस्थेत कसं जावं?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत सरकारी शास्त्रज्ञ, १४ वर्षं खारफुटीच्या चिखलात गेली (गमबूट आत्ताही ओटीवर वाळतायत). आता नैरोबीला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमात, नाहीतर अबुधाबीच्या आयरेनात, म्हणजे २००९ साली स्थापन झालेल्या अक्षय ऊर्जा संस्थेत अर्ज करायचाय. ना-हरकतीची फाईल गणपतीपासून साहेबांच्या टेबलावर पडून आहे. आता शिमगा आला! इथलं कोणी प्रतिनियुक्तीवर गेलंय का? लिएन (म्हणजे मूळ पदावर परत यायचा हक्क) किती वर्षं मिळाला? की सरळ राजीनामाच बरा? पेन्शनचं काय होतं? आणि मुख्य म्हणजे, खारफुटीवाल्याला ऊर्जेच्या कामात उभं करतात का? गुरुग्रामच्या आंतरराष्ट्रीय सौर आघाडीत कामाचा अनुभव असेल तर तोही सांगा. आई म्हणते, "आधी पडवीचे पत्रे बदल, मग जा आफ्रिकेत."