जपानमधील शेवटचा दिवस: कामाकुरा गाठावे की योकोहामातच थांबावे?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. एप्रिलमध्ये मी आणि माझे ७२ वर्षांचे वडील टोकियोत चार दिवस राहून पाचव्या दिवशी योकोहामाच्या ओसानबाशी धक्क्यावरून क्रूझवर चढणार आहोत. बोट संध्याकाळी पाचला सुटते आणि साडेतीनच्या आत चढावे, असे तिकिटावर लिहिले आहे. वडिलांना कामाकुराचा मोठा बुद्ध पाहण्याची फार इच्छा आहे. उएनोच्या हॉटेलातून दोन मोठ्या बॅगा घेऊन निघालो, तर त्याच दिवशी कामाकुरा करून बोट गाठता येईल का? वडील शाकाहारी आहेत, त्यांच्या जेवणाविषयीही सांगावे.

उत्तर (वास्को)

ताई, मी निवृत्त तारवटी, म्हणजे खलाशी, असून योकोहामात अनेकदा उतरलो आहे. योकोहामाहून कामाकुरा रेल्वेने साधारण पंचवीस मिनिटांवर आहे, तेथून एनोदेनच्या छोट्या गाडीने हासे स्थानक आणि पुढे चालणे. वेळापत्रकात हे सहज बसते. परंतु सुट्टीच्या दिवसांत एनोदेनला इतकी गर्दी होते की गाडीत शिरण्यासाठीच ताटकळावे लागते, आणि बोट कोणासाठी थांबत नाही. तेराव्या शतकातला तो अकरा मीटरहून उंच कांस्यबुद्ध उघड्या आकाशाखाली बसला आहे. त्याच्यापुढे वडिलांना घड्याळ पाहत उभे करू नका. टोकियो स्थानकाहून योकोसुका मार्गाची गाडी थेट, तासाभरात कामाकुराला नेते. चार दिवसांपैकी एक सबंध दिवस त्यालाच द्यावा.

शेवटच्या दिवशी बॅगा आधी धक्क्यावर सोपवा. त्या किती वाजल्यापासून घेतात, हे क्रूझ कंपनीला विचारून ठेवा. निहोन-ओदोरी स्थानकापासून ओसानबाशी चालत सात-आठ मिनिटांवर आहे. मग जवळच्या यामाशिता उद्यानात जावे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, त्याच ढिगाऱ्याचा भराव घालून हे उद्यान केले आणि १९३० मध्ये ते खुले झाले. तेथे एक घुमटाकार छत्री आहे, तिला ‘भारतीय जलमनोरा’ म्हणतात. त्या भूकंपात येथील भारतीय व्यापारीही दगावले. वाचलेल्यांपैकी बरेच जण कोबेला गेले, तेव्हा रेशमाचा व्यापार सावरावा म्हणून शहराने त्यांना मदत देऊन परत बोलावले. त्या उपकाराची आठवण आणि मृतांचे स्मारक म्हणून भारतीयांनी हा मनोरा भेट दिला. आत उभे राहून मान वर करा. घुमटाच्या आतील रंगीत मोझेइक पाहताना मला दर वेळी आपल्याकडच्या देवळाच्या सभामंडपात उभे असल्यासारखे वाटे. परदेशी मातीत आपल्या माणसांसाठी उभे असलेले ते स्मारक वडिलांना अवश्य दाखवा.

उत्तर (म्हापसा)

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. पहिली म्हणजे धक्क्याचे नाव पुन्हा तपासा. बे ब्रिजखालून जाऊ न शकणाऱ्या उंच बोटी दाइकोकू धक्क्याला लागतात, आणि तेथे रेल्वे स्थानक नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. तुमची बोट मध्ये कोरियासारख्या देशाला लागून पुन्हा जपानच्या बंदरात येणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरेल का, हे कंपनीकडून आणि व्हिसा केंद्राकडून आताच लेखी विचारून घ्या. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला हे निघण्याच्या आठवडाभर आधी कळले आणि ते फार धावपळीत पडले.

जेवणाचे म्हणाल, तर आपण ज्याला शिवराक म्हणतो ते तेथे दिसण्यावरून ओळखता येत नाही. मिसो सूप किंवा उदोन नूडल्सच्या रश्श्यात भाजीच दिसली, तरी त्याचा आधार बहुधा सुक्या बोनितो माशाचा ‘दाशी’ असतो. ‘दाशी नको’ असे जपानीत लिहिलेला कागद खिशात ठेवावा आणि त्या दिवशी भारतीय उपाहारगृहातच जेवावे. बोटीवरील शाकाहाराची नोंद मात्र आजच करा.

प्रश्नकर्ती (फोंडा)

काका, आपले आणि म्हापशाच्या सदस्यांचे मनापासून आभार. कामाकुरा आम्ही तिसऱ्या दिवसावर घेतले आहे. आमची बोट बुसानला थांबून नागासाकीला येते, त्यामुळे व्हिसाची चौकशी उद्याच करते. जलमनोऱ्याविषयी वडिलांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी आत नेमके कुठे उभे राहायचे ते मला दोनदा विचारले.